मुलीचं नाव ‘अंडं’ कसं ठेवायचं?

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई मूळच्या नाशिकच्या, सध्या इंग्लंडमध्ये स्थायिक. यजमान इग्बो समाजाचे, नायजेरियाच्या अनाम्ब्रा राज्यातले. घरात पाच वर्षांची मुलगी आहे, तिचं नाव मराठी. जानेवारीत दुसरी मुलगी यायची आहे. सासूबाई फोनवर आतापासूनच पोटातल्या बाळाला ‘आक्वाउगो’ म्हणतात आणि तेच नाव ठेवावं अशी त्यांची इच्छा दिसते. ताईंच्या कानाला नाव आवडलं. पण अर्थ शोधायला गेल्या तर एका साइटवर ‘गरुडाचं अंडं’, दुसरीवर ‘गरुडाचा आक्रोश’, तिसरीवर ‘अमूल्य रत्न’. लोकप्रिय नावांच्या कुठल्याच यादीत ते सापडलं नाही. माहेरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मुलीचं नाव कोणी अंडं ठेवतं का? तेही आपल्या घरात?’ यजमान म्हणतात, एवढा घोळ नको, सरळ ‘चिओमा’ ठेवू. ताई विचारतात: खरा अर्थ कोणता, नाव इतकं दुर्मिळ आहे त्यामागे काही खोट तर नाही ना, आणि इंग्लंडमधल्या शाळेत मुलीला याचा त्रास होईल का?

ताई, आधी तो आक्रोश मिटवू.

इग्बो ही सुरांची भाषा आहे. अक्षरं तीच राहतात, पण आवाज वर चढला की खाली उतरला यावर शब्द बदलतो. ‘आक्वा’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण, इग्बो शिकायला बसलेल्या माणसाला ते पहिल्याच काही धड्यांत भेटतं. दोन्ही अक्षरं उंच सुरात म्हटली तर रडणं. पहिलं उंच आणि दुसरं खाली म्हटलं तर कापड. पहिलं खाली, दुसरं उंच म्हणजे अंडं. दोन्ही खाली म्हणजे पलंग, आणि पूलसुद्धा. रोजच्या लिखाणात, वर्तमानपत्रात, दाखल्यावर सुरांच्या खुणा कोणी देत नाही, त्यामुळे कागदावर हे सगळे शब्द एकसारखेच दिसतात. आपल्यालाही हे अगदी नवीन नाही. ‘जरा थांब’ मधला जरा आणि ‘जरा-मरण’ मधली जरा लिहायला सारखेच, पण ज वेगळा. मराठी माणूस न अडखळता बरोबर वाचतो आणि परका हमखास चुकतो. ‘गरुडाचा आक्रोश’ लिहिणाऱ्याचंही बहुधा तेच झालं आहे. कोशात ‘आक्वा’ पाहिलं, रडण्याचा अर्थ उचलला आणि गरुडाला चिकटवला.

म्हणजे आईंनी ऐकलेला अर्थ बरोबर आहे. आक्वा म्हणजे अंडं, उगो म्हणजे गरुड. इग्बोत आधी वस्तू येते आणि मग ती कोणाची ते येतं, मराठीच्या उलट. आणि यात आडपडदा काही नाही: दुकानातल्या कोंबडीच्या अंड्यालाही ‘आक्वा’च म्हणतात.

हे दोन शब्दांचं नाव आहे याची खूण त्याच्या स्वरांतच आहे. इग्बोत आठ स्वर आहेत आणि त्यांचे चार-चारचे दोन गट पडतात. एका साध्या शब्दात सहसा एकाच गटाचे स्वर येतात. १९६१ साली ठरलेल्या प्रमाण लेखनात दुसऱ्या गटातले इ, ओ आणि उ वेगळे दाखवायला अक्षराखाली टिंब देतात. आता ‘उगो’ बघा: उ आणि ओ, दोन्ही बिनटिंबाच्या गटातले. ‘आक्वा’तला आ मात्र टिंबवाल्यांच्या गटातला. एका नावात दोन्ही गट आले, म्हणजे मधे सांधा आहे. कुठल्याही इग्बो नावाचा अर्थ तपासताना ही युक्ती लावून पाहावी. नाव कुठे तोडायचं ते कळलं की साइटवरच्या निम्म्या गमतीजमती आपोआप गळून पडतात.

‘अमूल्य रत्न’ हे भाषांतर म्हणून चूक, भावार्थ म्हणून जवळचं. त्यासाठी इग्बो माणसाला ‘उगो’ शब्दात काय ऐकू येतं ते बघायला हवं. उगो हा पक्षी आहेच, पण त्याबरोबर मान, शोभा, दागिना, अभिमान हे अर्थही त्या शब्दाला लगडलेले आहेत. ओझो ही मानाची पदवी घेतलेल्या पुरुषाच्या लाल टोपीत गरुडाचं पीस असतं. ते कोणीही उठून खोचायचं नसतं. ‘उगोबेलोजी’, म्हणजे इरोकोच्या झाडावर बसलेला गरुड, ही मोठ्या माणसाला द्यायची बिरुदावली. इरोको हा तिकडच्या रानातला उंचच उंच वृक्ष, आणि त्याच्याही माथ्यावर गरुड. एक ते तीन अंडी घालणारा हा पक्षी. त्याचं घरटं उंचावर, हाताला न लागणारं. आता त्या घरट्यातलं अंडं डोळ्यांसमोर आणा. मिळायला कठीण, जपायला नाजूक, आणि आत जे आहे ते उद्या आभाळात जाणार. सासूबाईंच्या तोंडी ‘आक्वाउगो’ येतं तेव्हा त्यात हे सगळं असतं. ‘रत्न’ म्हटलं की मोल कळतं, पण आतला जीव निसटतो. म्हणून कोणी अर्थ विचारला तर तुम्ही सरळ ‘गरुडाचं अंडं’च सांगा, आणि वर एक वाक्य जोडा: दुर्मिळ आणि जपून ठेवायचं असं काहीतरी.

याच घडणीचं ‘आक्वाएके’ असंही एक नाव आहे, म्हणजे अजगराचं अंडं. अनाम्ब्रातल्या इडेमिली भागात अजगर पवित्र मानतात, त्याला मारत नाहीत. लेखक आक्वाएके एमेझी यांच्यामुळे ते नाव जगभर गेलं. अंडं आणि मान या दोन गोष्टी इग्बो कानाला विसंगत वाटत नाहीत, हे त्यावरूनही दिसतं.

आता आईंकडे येऊ. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. नाव रोज हाक मारायचं असतं आणि आजीला हाक मारताना अवघडल्यासारखं होऊ नये. पण एक विचारून पाहा: पहिल्या नातीला त्या लाडात काय म्हणतात? ‘पिल्लू’ म्हणत असतील तर इग्बो आजी फक्त एक पायरी मागे गेली आहे, एवढंच. आपल्याकडे मैना, हंसा, कोकिळा आहेत. चिमणाबाई तर बडोद्याच्या महाराणी होत्या. मूल जगावं म्हणून धोंडू, दगडू, केरबा अशी नावं ठेवणारे आपण. शब्द आणि भाव यांचं अंतर आपल्याला कोणी शिकवायला नको.

शिवाय आईंना एक गोष्ट आधीपासून माहीत आहे. महाभारताच्या आदिपर्वात विनतेला दोन अंडी मिळतात. पाचशे वर्षं वाट पाहून ती उतावीळ होते आणि एक फोडते. आतून अर्धवट घडलेला अरुण बाहेर येतो आणि आईला शाप देतो. दुसऱ्याला ती हात लावत नाही, आणखी पाचशे वर्षं थांबते, आणि त्यातून गरुड निघतो. गरुडाचं अंडं म्हणजे काय चीज आहे हे आईंना यापेक्षा चांगलं कोण सांगणार? मात्र हा दुवा नाशिकच्या घरापुरता ठेवा. नावाचा उगम म्हणून ही गोष्ट कोणाला सांगू नका. इग्बो नावाला इग्बो मूळ आहे, त्याला संस्कृतातून आणायची गरज नाही, आणि मुलगी मोठी झाल्यावर तिला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या माहीत असलेल्या बऱ्या.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, तिच्यापाशी थोडं थांबावं असं वाटतं. सासूबाई पोटातल्या बाळाला आक्वाउगो म्हणतात, म्हणजे त्यांनी नाव सुचवलं आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. कदाचित तसंच असेल. पण आक्वाउगो हे नाव आहे तसंच लाडाचं संबोधनही आहे. घरातल्या लाडक्या मुलीला, कधी बायकोलाही, असं म्हणतात. त्या मनात वेगळंच नाव धरून बसलेल्या असू शकतात. तेव्हा यजमानांना मधे न घालता त्यांना स्वतः फोन करा. विचारायचं ते एवढंच: हे दाखल्यावरचं नाव म्हणून म्हणता की लाडाने? घरात आधी हे नाव कोणाचं होतं का? असेल तर ती कोण, आणि तिचं कसं चाललं? शेवटचा प्रश्न अवघड वाटला तरी विचाराच. बऱ्याच इग्बो घरांत नाव गेलेल्या आजी-पणजीची आठवण घेऊन येतं. ‘न्नेन्ना’ या नावाचा अर्थच ‘वडिलांची आई’ असा आहे. त्या बोलत असताना परवानगी घेऊन त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. ‘आक्वा’ सुटं असताना अंड्याचा सूर खाली-वर असतो हे खरं, पण दोन नामं जोडली की सांध्यापाशी सूर बदलू शकतात, शिवाय गावागणिक बोली वेगळी. ‘नाव’ या शब्दालाच कुठे ‘आहा’ म्हणतात, तर अनाम्ब्राकडे ‘आफा’. तुमच्या मुलीचं नाव तिच्या आजीच्या गावच्या सुरात असू दे.

आता दुर्मिळपणाचं. यादीत नाव नाही म्हणजे ते कोणाचंच नाही, असं होत नाही. या याद्या कशा बनतात ते एकदा बघितलं की धाकधूक कमी होईल. इंग्लंड आणि वेल्सचं सांख्यिकी कार्यालय वर्षात निदान तीन बाळांना दिलेलं नावच जाहीर करतं. अमेरिकेतल्या यादीत निदान पाच लागतात. दोन्हीकडे फक्त पहिलं नाव मोजतात आणि स्पेलिंग एका अक्षराने बदललं तर ते वेगळं नाव धरतात. इथेच इग्बो नावं निसटतात. परदेशातल्या पुष्कळ इग्बो मुलांचं पहिलं नाव इंग्रजी किंवा बायबलमधलं असतं आणि इग्बो नाव दुसरं किंवा तिसरं. घरी, चर्चमध्ये, नातेवाइकांत हाक इग्बो नावानेच मारतात, पण मोजणाऱ्याला ते दिसत नाही. आणि मूळ देशातलं चित्र बघायचं म्हटलं तर नायजेरिया बाळांच्या नावांची अशी वार्षिक क्रमवारी काढतच नाही. मग त्या साइटवरची दशांश चिन्हानंतर शून्यांची रांग असलेली टक्केवारी येते कुठून? बऱ्याचदा त्या पानावर किती जणांनी क्लिक केलं यावरून, किंवा समाजमाध्यमांवरच्या खात्यांवरून. तिच्यावर निर्णय सोडू नका.

तरीही नाव कमी ऐकू येतं हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्यामागे खोट आहे का, हा प्रश्न मात्र रास्त आहे, कारण काही इग्बो नावं खरोखरच खोट लागून मागे पडली. ‘म्ग्बेके’ घ्या. इग्बो आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिये, आफॉ, न्क्वॉ. बाजारही त्याच दिवसांचे. एकेच्या दिवशी जन्मली ती म्ग्बेके, आफॉच्या दिवशीची म्ग्बाफॉ. मुलगा असला तर ओकेके, ओकाफोर. आपल्या सोमा, मंगळ्या, बुधासारखं साधं सरळ नाव. पण आज शहरी नायजेरियात ‘म्ग्बेके’ म्हणजे गावंढळ बाई, आपल्याकडे ‘गंगूबाई’ म्हणून चिडवतात तसं. पुरुषांची वारनावं आडनावं बनून टिकली, बायकांची मात्र हेटाळणीत गेली. सासूबाईंनी म्ग्बेके सुचवलं असतं तर मी तुम्हाला चार वेळा विचार करायला सांगितलं असतं.

दुसरी लाट धर्माची. अनाम्ब्रातल्या ओनित्शा शहरात १८५७ साली प्रॉटेस्टंट मिशन आलं, १८८५ साली कॅथलिक. पुढच्या पिढ्यांमध्ये स्थानिक देवदेवतांची नावं मागे सरली आणि ‘चि’ किंवा ‘चुक्वु’ असलेली नावं पुढे आली. चि म्हणजे ज्याचं त्याचं व्यक्तिगत दैव, सोबतचा देव. चुक्वु म्हणजे थोर चि, परमेश्वर. ख्रिस्ती घरांनाही ही नावं जवळची वाटली. चिओमा, चिडिन्मा, चिआमाका, चिनेन्ये ही त्यातली. अलीकडे तर ‘कोसिसोचुक्वु’, म्हणजे ‘देवाला रुचेल तसं’, अशी अख्खी वाक्यंच नावं म्हणून ठेवतात. आपल्याकडे सुलोचना-शकुंतला गेल्या, सुनीता-संगीता आल्या, त्या जाऊन आता दर वर्गात एक आरोही, तसंच आहे हे. या गर्दीत आक्वाउगो मागे राहिलं ते कोणी नाकं मुरडली म्हणून नाही. त्यात देवाचं नाव नाही, ते वाक्य नाही, आणि त्याचं वळण थोडं जुनं आहे. इग्बो माणूस ते ऐकून हसणार नाही. उलट ‘कोणी ठेवलं?’ म्हणून विचारील, आणि ‘आजीने’ हे उत्तर त्याला पटेल.

यजमानांचा ‘चिओमा’ वाईट नाही. चांगलं दैव, सुदैव असा अर्थ. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ७.१२ मीटर लांब उडी मारून सुवर्णपदक मिळवणाऱ्या चिओमा अजुन्वामुळे क्रीडाप्रेमींना ठाऊकही असेल. उच्चाराला सोपं आहे. पण यजमान ते घोळ टाळायला सुचवतात, आवडलं म्हणून नव्हे, असं तुमच्या पत्रावरून वाटलं. त्यांना एकदा स्पष्ट विचारा. कधी कधी आईने सुचवलेल्या नावामागे मुलाला काही जुनं माहीत असतं आणि ते बोलायचं नसतं.

उगो आवडलं पण अंडं नको, असं ठरलं तर ‘उगोची’ किंवा ‘उगोन्मा’ बघा. पहिल्यात चिचा गरुड, चिची शोभा. दुसऱ्यात सौंदर्याचा गरुड. ‘आडाउगो’ फार गोड वाटेल, कारण त्याचा अर्थ गरुडाची लेक. पण ते घेऊ नका. ‘आडा’ म्हणजे घरातली थोरली मुलगी, आणि तो मान तुमच्या पहिल्या मुलीचा आहे. तिचं नाव मराठी असलं तरी सासरी तिला आडा म्हणत असतीलच. धाकटीच्या नावात आडा आलं तर कोणी रागावणार नाही कदाचित, पण प्रत्येक लग्नकार्यात कोणीतरी विचारणार, ‘मग थोरली कोण?’

शाळेतल्या त्रासाबद्दल. चिडवतील का ते कोणी सांगू शकत नाही. चुकीचं मात्र नक्की म्हणतील, आणि कसं म्हणतील तेही आधीच सांगता येतं. रोमन लिपीत मधे ए आणि यू शेजारी येतात. इंग्रजी वाचणारा ते ऑगस्टच्या सुरुवातीसारखं वाचणार आणि नाव ‘अक्वॉगो’ होणार. हवी आहेत चार अक्षरं: आ, क्वा, उ, गो. क्वा हे एका झटक्यात, क आणि वा सुटे नाहीत. इग्बो माणसं भरभर बोलताना आ आणि उ एकमेकांत मिसळतात, ते ऐकून गोंधळू नका. शिकवताना मात्र चारही सुटी शिकवा. मधे आडवी रेघ देऊन लिहिण्याचा मोह होईल. वर्गातल्या पाटीवर ती द्या, दाखल्यावर नको: काही संगणक रेघ खातात, काही तिथे मोकळी जागा सोडतात, आणि मग दोन कागदांवर दोन नावं होतात. टिंबांची चिंता इथे मुळीच नाही. पासपोर्टच्या यंत्रवाचनाच्या ओळीत टिंबं राहत नाहीत, आणि त्यात कित्येक इग्बो नावांचा उच्चार हरवतो. आक्वाउगोला प्रमाण लेखनातही टिंब लागत नाही, त्यामुळे आजी लिहील तेच पासपोर्टवर छापलं जाईल.

लघुरूप आधीच ठरवून टाका, नाहीतर शाळा ठरवील. ‘उगो’ उत्तम, इग्बोत ते मुलामुलींना दोघांनाही चालतं. इटालियन वर्गमित्र म्हणेल हे मुलाचं नाव, म्हणू दे. आपल्या कानाला तर ‘उगो’ म्हणजे ‘उगवो’च्या जवळचं, ओव्या ऐकत वाढलेल्या आईंना ते खटकणार नाही. ‘आक्वा’ मात्र कटाक्षाने टाळा. सुटं झालं की ते नुसतं अंडं उरतं, सूर चुकला की रडणं, आणि इंग्लंडमध्ये पोहण्याच्या तलावाचं नाव.

पहिलं नाव ठेवायचं की दुसरं? नेहमीचा सल्ला असा की पहिलं सोपं, दुसरं घरचं. मला तो सरसकट पटत नाही. दुसऱ्या जागी गेलेलं नाव पहिल्या पिढीत हाकेला टिकतं; पुढे ते फॉर्मवरच्या चौकटीत राहतं. तुम्ही आणि यजमान दोघंही घरात तिला खरोखर उगो किंवा आक्वाउगो म्हणणार असाल तर ते पहिलंच ठेवा आणि मराठी नाव दुसरं. घरात हाक ‘छकुली’ आणि शाळेत चिओमा अशीच पडणार असेल तर आक्वाउगो दुसरं ठेवून आजीच्या हाकेला सोडा. तेही खोटं नाही. ठरवायचा सोपा मार्ग म्हणजे आठवडाभर पोटातल्या बाळाला दोघांनी त्याच नावाने बोलवायचं. जो तीन दिवसांत लाजून थांबेल त्याचं मत समजलं. थोरलीलाही सामील करा. ती पाच वर्षांची आहे, सूर सगळ्यात आधी तिलाच जमतील.

आणि दोन नावांत एकच जिंकायला हवं असं इग्बो घरात मुळात नसतं. बाळाला बाहेर आणण्याचा नामकरणाचा विधी गावाप्रमाणे आठव्या, बाराव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी होतो. अठ्ठावीस म्हणजे चार दिवसांचे सात आठवडे. दोन्हीकडचे आजी-आजोबा त्या वेळी आपापलं नाव देऊ शकतात, आणि मूल ती सगळी नावं बाळगतं. बाराव्या दिवशी बारसं केलंत तर दोन्ही घरांना एकच तारीख चालेल का, सासूबाईंना विचारून घ्या. आत्या कानात कुर्र करून एक नाव सांगेल, सासूबाई व्हिडिओ कॉलवर दुसरं. बाळंतिणीची आई येऊन शेक, मालिश, तिखट गरम सूप असं सगळं करते, त्याला इग्बोत ‘ऑमुग्वॉ’ म्हणतात. म्हणजे आई नाशिकहून डिंक घेऊन येतील तेव्हा सासूबाईंच्या लेखी त्या अगदी रीतीने वागत असतील. तेव्हाच दोघींचं बोलणं घडवून आणा. अंड्याबद्दल आईंचा जो प्रश्न आहे तो त्यांनी थेट विहीणबाईंनाच विचारलेला बरा. उत्तर तुमच्यापेक्षा चांगलं मिळेल.

कागदोपत्री घाई नाही. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत करायची असते, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवसाचा विधी धरला तरी हातात दोन आठवडे राहतात. नोंदीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव एकदा बदलून किंवा जोडून घेता येतं, पण ती पळवाट म्हणून धरू नका. तोवर पासपोर्ट निघाला तर सगळं पुन्हा करावं लागतं. पुढे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते कार्ड, काढायचं असेल तर नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लागेल, अक्षरही इकडे-तिकडे नको.

बारशाची पत्रिका मराठीत छापणार असाल तर मजकूर स्वतः टाइप करून द्या. रोमनवरून देवनागरी करणारी यंत्रं ए-यू दिसलं की ‘औ’ करतात आणि ‘अक्वौगो’ छापून येतं. सुरुवातीला आ, मग क्वा, आणि त्यानंतरचा उ सुटा, काना-मात्रेत न मिसळलेला: आक्वाउगो.